पायी चालायचं शहर कुणाचं?



अमेरिकेतल्या खात्यापित्या मध्यमवर्गाला गेल्या तीसेक वर्षांत एक नवी आवड लागली आहे. पायी चालण्याची. घरातून उतरलं की कोपऱ्यावर किराणा, दोन गल्ल्या सोडून शाळा, दहा मिनिटांवर रेल्वे स्टेशन, संध्याकाळी बसायला कॉफीचं दुकान. अशा वस्तीत घर मिळावं म्हणून तिथली शिकलीसवरली पोरंपोरी जास्तीचे पैसे मोजतात. २००७ साली सिअ‍ॅटल शहरात 'वॉक स्कोअर' नावाचा प्रकार निघाला. कुठल्या पत्त्यावरून किती गोष्टी पायी गाठता येतात, याचे शंभरपैकी गुण. घराच्या जाहिरातीत खोल्या किती, न्हाणीघरं किती, याच्या शेजारी आता हे गुणही छापतात.

यांच्यातल्या कित्येकांचे आईबाप आणि आजे शहर सोडून उपनगरात पळाले होते. आता नातवंडं परत येताहेत. पेपरवाले म्हणतात, लोकांची आवड बदलली. आवड म्हणजे काय, आज वांग्याची भाजी आणि उद्या दोडक्याची? घराची आवड अशी हवेत उगवत नाही. तिच्यामागे कायदा असतो, बँक असते, सडक असते आणि दारात उभा राहणारा पोलीसही असतो. गोऱ्यांना उपनगर आवडलं तेव्हा काळ्यांना शहरात कोंडलं. गोऱ्यांना शहर आवडलं तेव्हा काळ्यांना शहराबाहेर लोटलं. हा हिशेब सालवार मांडायचा आहे.

दूरदेशीचा हा हिशेब आपण का वाचायचा? १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, त्यांचे लोक युनोकडे करत असलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा हे नातं जुनं आहे. शिवाय कोणी कुठं राहावं आणि कोणी कुठल्या रस्त्याने चालावं, हे दुसऱ्याने ठरवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१. गावकूस सिमेंटचं

आधी एक गोष्ट साफ करू. अमेरिकेचं उपनगर म्हणजे आपलं कुर्ला-घाटकोपर नव्हे. लोकलमधून उतरलं की भाजीवाला, वडापाव, माणसांची रेटारेटी, असलं तिथं काही नसतं. सुटी सुटी घरं, प्रत्येकापुढे हिरवळ, प्रत्येकाला मोटार ठेवायला जागा. दुकान मैलभर लांब, कचेरी वीस मैल. बऱ्याच ठिकाणी फूटपाथसुद्धा नाही. ज्याच्याकडे मोटार नाही तो तिथे अडकलाच.

हे उपनगर सरकारने घडवलं. सुरुवात झाली शहरातच. १९१० साली बाल्टिमोर शहराने कायदाच केला की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्याने राहायचं नाही. मग दुसऱ्या शहरांनीही तो उचलला. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुइव्हिल शहराच्या खटल्यात असा कायदा रद्द केला. मग गोऱ्यांनी खाजगी करारांचा रस्ता धरला. घराच्या खरेदीखतातच लिहायचं की हे घर काळ्याला विकणार नाही. कोर्टं असे करार १९४८ पर्यंत बजावून देत होती. दुसरीकडे १९२६ साली सुप्रीम कोर्टाने शहराचे पट्टे पाडायला मान्यता दिली. या पट्ट्यात फक्त एका कुटुंबाचं एक घर, चाळ नको, भाड्याच्या खोल्या नकोत, दुकान नको. कायद्यात रंगाचं नावही घ्यायला नको. जमिनीचा तुकडाच एवढा मोठा ठरवायचा की गरिबाला परवडू नये. चालायचं शहर बांधणं या कायद्याने बऱ्याच ठिकाणी गुन्हाच झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आली मंदी. घरांची कर्जं बुडाली. सरकारने १९३३ मध्ये कर्ज वाचवायला एक महामंडळ काढलं आणि १९३४ मध्ये घरकर्जाचा विमा उतरवायला फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. लोक तिला एफएचए म्हणत. महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी ती निळी, उतरती ती पिवळी, धोक्याची ती लाल. काळ्यांची वस्ती जवळजवळ सगळीकडे लाल. एफएचएने आपल्या नियमातच घातलं की गोऱ्यांच्या वस्तीत वेगळ्या वंशाची माणसं शिरली तर घरांची किंमत पडते, म्हणून तिथे विमा देताना जपावं. विमा नाही म्हणजे बँकेचं कर्ज नाही. पूर्वी घराला निम्मी रक्कम रोख मोजावी लागे आणि उरलेली पाचसात वर्षांत फेडावी लागे. विम्यामुळे मुदत वीसपंचवीस वर्षांची झाली आणि हप्ता भाड्याएवढा झाला. कारकून आणि कामगारसुद्धा घरमालक झाला. पण गोरा कारकून आणि गोरा कामगार.

डेट्रॉइटला तर चक्क गावकूसच उभं केलं. तिथे काळ्यांच्या वस्तीला लागून एका बिल्डरला गोऱ्यांची घरं बांधायची होती. एफएचए म्हणाली, काळे फार जवळ आहेत, विमा नाही. तेव्हा १९४१ साली बिल्डरने मध्ये सिमेंटची भिंत घातली. सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब. भिंत झाली आणि विमा मंजूर झाला. ती भिंत आजही उभी आहे. पुढे वस्तीने तिच्यावर आपल्या लढ्याची चित्रं काढली.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतात लेव्हिट कंपनीने लेव्हिटटाउन बांधायला घेतलं. कारखान्यात मोटार जोडावी तशी घरं. चारपाच वर्षांत सतरा हजारांवर गेली. पहिल्या भाडेकरारात कलम होतं की कॉकेशियन वंशाबाहेरच्या माणसाला इथे राहू देता येणार नाही, घरकामाची नोकरमाणसं मात्र चालतील. घासायपुसायला चाललं, राहायला नाही. ओळखीचं वाटतंय ना?

महायुद्धात काळे सैनिकही लढले होते. परतल्यावर घर, धंदा, शेती यांसाठी हमीचं कर्ज त्यांनाही कायद्याने मिळायला हवं होतं. पण १९४७ साली मिसिसिपी राज्यात अशी ३,२२९ कर्जं दिली, त्यातली काळ्यांना दोन. फक्त दोन. आणि १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या काळ्या जोडप्याने एका गोऱ्याकडून घर विकत घेतलं, तर दारात जमाव जमला, दगड आले आणि हा तमाशा कित्येक दिवस चालला.

ज्याला बँक उभी करत नाही तो काय करणार? शिकागोत काळे लोक करारावर घर घ्यायचे. दाम दुप्पट, कागद विकणाऱ्याकडे, आणि एक हप्ता चुकला की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले. १९६८ साली या लोकांनी संघटना करून हप्ते अडवले, तेव्हा कुठे हा प्रकार जगासमोर आला.

२. शहराच्या पोटातून सडक

गोरा उपनगरात गेला, पण नोकरी शहरात राहिली. मग त्याला मोटारीने शहरात यायला सडक पाहिजे. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग मंजूर झाले. शंभरातले नव्वद डॉलर केंद्र सरकारचे. शहरात शिरताना हे महामार्ग कुठून न्यायचे? जिथे जमीन स्वस्त आणि माणूस मुका, तिथून. सेंट पॉलची राँडो वस्ती, मायामीचं ओव्हरटाउन, डेट्रॉइटचं ब्लॅक बॉटम, न्यू ऑर्लिन्सचा क्लेबॉर्न रस्ता. सगळ्या काळ्यांच्या जुन्या, नांदत्या वस्त्या. एकट्या राँडोत सहाशेहून जास्त कुटुंबं उठली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आज ज्याला 'पायी चालायचं शहर' म्हणून दाम मोजतात, ते या वस्त्यांत होतंच. न्हावी, डॉक्टर, चर्च, गाण्याबजावण्याचे अड्डे, खानावळी, सगळं पायाखाली. ती कुणाची हौस नव्हती. मोटार परवडत नव्हती आणि दुसरीकडे जायला बंदी होती, म्हणून माणसांनी आपलं जग चालण्याच्या अंतरात उभं केलं. सरकारने तिला झोपडपट्टी म्हटलं आणि बुलडोझर घातला. १९४९ च्या कायद्याने या पाडापाडीला पैसा दिला आणि पुढे त्याला शहराचं नूतनीकरण असं गोंडस नाव मिळालं. १९६३ साली लेखक जेम्स बाल्डविन रोखठोक म्हणाला की या नूतनीकरणाचा अर्थ काळ्यांना हटवणं एवढाच.

या काळात काही गोरेही बुलडोझरच्या आड आले. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांनी १९६१ साली पुस्तक लिहून दाखवलं की दाट वस्ती, मिसळलेली दुकानं आणि रस्त्यावर जागत्या नजरा, यातच शहराचा जीव असतो. मॅनहॅटनच्या खालच्या भागातून जाणारा महामार्ग त्यांच्यासारख्यांनी अडवला. चांगलं झालं. पण त्यांची वस्ती वाचली आणि राँडो वाचलं नाही. त्या वाचलेल्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये आज सामान्य कामगाराला भाडं परवडत नाही.

आता ओकलंड पाहू. पश्चिम ओकलंड म्हणजे खंड ओलांडून येणाऱ्या रेल्वेचं शेवटचं टोक. रेल्वेच्या डब्यांत हमाली आणि चाकरी करणारे काळे कामगार इथे वसले. सेव्हन्थ स्ट्रीटवर त्यांची दुकानं, युनियनच्या कचेऱ्या, संगीताचे क्लब. १९५० नंतर या वस्तीच्या छातीवरून सायप्रस नावाचा दुमजली महामार्ग गेला. मग सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून लोकल रेल्वेचा पूल. मग टपाल खात्याच्या अवाढव्य इमारतीसाठी घरं पाडली. गोऱ्यांच्या मोटारी वरून धावल्या आणि धूर खाली राहिला.

याच शहरात १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. बंदुका घेतलेले पँथर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचं एक काम फारसं सांगत नाहीत. ओकलंडमध्ये पंचावन्नावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट मिळतात त्या नाक्यावर शाळेत चालत जाणारी पोरं मोटारीखाली येत होती. वस्तीने सिग्नल मागितला. नगरपालिका म्हणे, पुढे बघू. पँथर स्वतः नाक्यावर उभे राहिले आणि गाड्या अडवून पोरांना रस्ता पार करून देऊ लागले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये सिग्नल बसला. चालण्याच्या हक्काची ही लढाई वॉक स्कोअरच्या चाळीस वर्षं आधीची.

३. परतीची वाट

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला खून झाला आणि आठवड्यात घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा मंजूर झाला. बंदी कागदावरून गेली. तोवर गोऱ्यांच्या दोन पिढ्यांकडे घराच्या रूपाने मालमत्ता साचली होती. काळ्यांकडे भाड्याच्या पावत्या होत्या. आणि शहरं बुडत होती. कर भरणारे गेले, कारखाने गेले, शाळांना पैसा नाही, बँका कर्ज देत नाहीत, घरमालक दुरुस्ती करत नाहीत.

वारा फिरला कसा? नील स्मिथ नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने १९७९ साली नेमकं बोट ठेवलं. शहरात परत येतोय तो भांडवलाचा पैसा, माणसं त्याच्या मागोमाग येतात. वस्ती वर्षानुवर्षं उपाशी ठेवली की जमीन कवडीमोल होते. पण ती असते शहराच्या मध्यावर. आज मिळणारं भाडं आणि उद्या मिळू शकणारं भाडं यात मोठं अंतर पडलं की बिल्डर धावत येतो. लंडनमध्ये हेच चाललेलं पाहून रूथ ग्लास यांनी १९६४ साली त्याला 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द दिला होता. म्हणजे कामगारांच्या वस्तीत साहेबलोक शिरणं.

१९९० नंतर आणखी कारणं जुळली. शहरांतली गुन्हेगारी घटली. संगणक, बँका, विद्यापीठं, इस्पितळं यांच्या नोकऱ्या शहरात वाढल्या. लग्नं उशिरा, कुटुंबं लहान, मग एवढं मोठं घर आणि हिरवळ कापायची कटकट कशाला? रोज दोन तास मोटारीत बसून माणसं वैतागली. ही कारणं खरी आहेत. चालायच्या वस्तीत धूर कमी, शेजार जास्त, म्हाताऱ्यालाही बाहेर पडता येतं. त्यात वाईट काही नाही. पण वर सांगितलेला मुद्दा आठवा. कायद्याने पन्नाससाठ वर्षं अशा वस्त्या बांधूच दिल्या नव्हत्या. मागणी वाढली आणि माल जुना, थोडा. मग जिथे ज्यांना कोंडलं होतं, त्यांच्याच वस्तीवर सगळ्यांचा डोळा.

पश्चिम ओकलंडमध्ये १९८९ च्या भूकंपात सायप्रस महामार्ग कोसळला. ४२ माणसं त्यात मेली. वस्तीने भांडून तो पुन्हा तिथे होऊ दिला नाही. रस्ता वळवला आणि जुन्या जागेवर मंडेला यांच्या नावाचा झाडांचा रस्ता झाला. धूर गेला, सावली आली. पण सॅन फ्रान्सिस्को लोकलने काही मिनिटांवर. पगारदार तरुणांना ही जागा दिसली, भाडी चढली. १९८० साली ओकलंडमध्ये शंभरात ४७ माणसं काळी होती. २०२० मध्ये पाचात जेमतेम एक. ज्यांनी धूर खाल्ला त्यांच्यातल्या कित्येकांना सावली मिळाली नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७० साली शंभरात ७१ काळे होते, २०११ च्या सुमारास ते निम्म्याखाली आले.

सगळेच हुसकावले गेले असं म्हणणं खोटं ठरेल. बऱ्याच काळ्या कुटुंबांनी चांगली शाळा आणि अंगण हवं म्हणून स्वखुशीने उपनगर धरलं. वॉशिंग्टनच्या शेजारची प्रिन्स जॉर्जेस काउंटी ही तर मिळवत्या काळ्यांची ओळख बनली. तो त्यांचा हक्कच होता, उशिरा मिळालेला. पण गरीब माणूस उपनगरात गेला तो भाड्याच्या माऱ्याने. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत महानगरांच्या मुख्य शहरांपेक्षा त्यांच्या उपनगरांत गरिबांची संख्या जास्त झाली. तिथे बस नाही, दवाखाना लांब, आणि मोटार बिघडली की नोकरी गेली.

४. चालण्याचा गुन्हा

सेंट लुइसजवळचं फर्ग्युसन हे असलंच उपनगर. १९९० साली तिथे चारात तीन माणसं गोरी होती. २०१० मध्ये तीनात दोन काळी झाली. पोलीस मात्र जवळजवळ सगळे गोरे. नगरपालिकेची तिजोरी दंडावर भरायची. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा काळा पोरगा मित्राबरोबर रस्त्याच्या मधून चालला होता. पोलिसाने हटकलं, बाचाबाची झाली आणि पोलिसाच्या गोळ्यांनी पोरगा मेला. त्या पोलिसावर खटला उभा राहिला नाही. पण पुढल्या वर्षी केंद्राच्या न्याय खात्याने फर्ग्युसनच्या पोलिसांचं दप्तर तपासलं. तिथे 'रस्त्यावर चालण्याची रीत' नावाचा एक गुन्हा होता. त्यात पकडलेल्या शंभरात पंचाण्णव माणसं काळी.

त्याच देशात एकीकडे चालण्याला शंभरपैकी गुण मिळतात, आणि दुसरीकडे चालण्याबद्दल दंड. चालणं तेच, फरक चालणाऱ्यात.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. १९२४ मध्ये वायकोमला लढा झाला तो देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यासाठी. माँटगोमेरीच्या काळ्यांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला आणि कित्येकजण मैलोन्मैल पायी कामावर गेले. रस्ता हा कधीच नुसता रस्ता नसतो.

५. मग करायचं काय?

तिथली माणसं रडत बसली नाहीत. बॉस्टनच्या डडली स्ट्रीटवर लोकांनी १९८४ मध्ये संघटना केली. १९८८ मध्ये नगरपालिकेकडून ओसाड जमीन सक्तीने घेण्याचा अधिकारच मिळवला. जमीन वस्तीच्या सामाईक ट्रस्टची आणि घर कुटुंबाचं. जमीन बाजारात जात नाही, म्हणून भाव चढला तरी माणूस उठत नाही. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली कायदा झाला की इमारत विकायला काढली तर पहिला हक्क भाडेकरूंचा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम ओकलंडमध्ये काही बेघर काळ्या आयांनी गुंतवणूक कंपनीच्या रिकाम्या घरात बिऱ्हाड टाकलं. जानेवारीत पोलीस चिलखती गाडी घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. पण बोभाटा एवढा झाला की कंपनीला ते घर वस्तीच्या ट्रस्टला विकायचं कबूल करावं लागलं. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन शहराने २०२१ मध्ये, १९१९ ते १९६९ या काळात घराबाबत अन्याय झालेल्या काळ्यांना आणि त्यांच्या वारसांना पंचवीस हजार डॉलरची भरपाई ठरवली. पैसे थोडे आहेत. पण 'आवड' म्हणून झाकलेल्या गोष्टीला एका शहराने अन्याय म्हटलं, हे थोडं नाही.

आता आपल्याकडे बघा. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. गिरणी, गोदी, बाजार जवळ. ती जवळीक साहेबाला मजूर वेळेवर पाहिजे म्हणून मिळाली होती. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि तीच जवळीक सोन्याच्या भावाने विकतात. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जागेवरच घर मिळालं, ही लढून मिळवलेली गोष्ट आहे. याच मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना २०१७ पासून माहुलला, तेलाच्या कारखान्यांशेजारी नेऊन टाकलं होतं. तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं हायकोर्टाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. घर दोघांनाही दिलं होतं. फरक होता अंतराचा आणि हवेचा.

म्हणून पुनर्विकासाची सभा असेल तेव्हा नुसते चौरस फूट विचारू नका. अंतर विचारा. कामाची जागा किती लांब, शाळा किती, दवाखाना किती, शेवटची बस कितीची, महिन्याचा देखभाल खर्च कोण भरणार, आणि दहा वर्षांनी यातली किती घरं आपल्याच माणसांकडे राहतील. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीची वही घालावी. कोण कधी आलं, कोण गेलं, कुठे गेलं, का गेलं, साल टाकून. अमेरिकेतले लाल नकाशे दुसऱ्यांनी काढले होते, आणि त्यांचा जाब विचारायला लोकांना तेच कागद पुढे पुराव्याला लागले. आपल्या वस्तीचा नकाशा आपण काढू. येत्या रविवारपासून सुरुवात करा.